फोन बिलातले ‘सरकारी’ किती, कंपनीचे किती?

व्यवसायाच्या टेलिफोन बिलात नियामकाने बांधलेल्या रकमा मोजक्याच असतात, बाकी सारे करारावर चालते. हा फरक कळला तरच हुज्जत योग्य ठिकाणी घालता येते.

गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीतल्या कोणत्याही कारखान्याच्या कार्यालयात महिन्याच्या सुरुवातीला दोन बिले येतात. एक महावितरणचे, दुसरे टेलिफोन आणि इंटरनेटचे. विजेचे बिल आले की मालक स्वतः चष्मा लावतात. मागणी आकार किती, इंधन समायोजन किती, पॉवर फॅक्टरचा दंड बसला का, याची चर्चा चहा संपेपर्यंत चालते. टेलिफोनच्या बिलाची खालची रक्कम तेवढी पाहिली जाते. ‘सरकारी रेट आहे, भरून टाका’ असे सांगून कागद दिवाणजींकडे जातो.

गफलत इथेच होते. टेलिफोनच्या बिलातला बहुतेक भाग ‘सरकारी रेट’ नाही. तो कंपनी आणि ग्राहक यांच्यातल्या कराराचा भाग आहे. तो कमी करून घेता येतो, नाकारता येतो, कधी परतही मिळतो. उलट बिलातला जो भाग खरोखर कायद्याने ठरलेला आहे, त्यातली मोठी रक्कम नोंदणीकृत व्यापाऱ्याला वजावटीने परत मिळू शकते. दोन्हीकडे न पाहता बिल भरणे म्हणजे दोन्हीकडून पैसे सोडणे.

विजेच्या आणि फोनच्या बिलात फरक काय?

विजेच्या बिलातला जवळजवळ प्रत्येक आकार महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. महावितरण प्रस्ताव देते, त्यावर जाहीर सुनावणी होते, ग्राहक हरकती नोंदवतात आणि मग आयोग आदेश काढतो. वीज शुल्क तेवढे राज्य सरकारचे असते. कोल्हापूर जिल्ह्याला ही प्रक्रिया नवी नाही. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षे या सुनावण्यांत बोलत आली. यंत्रमागधारकापासून फौंड्रीवाल्यापर्यंत अनेकांना बिलातला एकेक आकार वाचायची सवय लागली, ती अशा कामामुळे.

टेलिफोनचाही नियामक आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, १९९७ च्या कायद्याने स्थापन झाले. पण ट्राय मोबाइलच्या प्लॅनचा दर ठरवत नाही, इंटरनेटचे मासिक भाडेही ठरवत नाही. दर कंपनीने ठरवायचा आणि ट्रायने तो जाहीर झाला का, सर्वांना सारखा लागू झाला का, ग्राहकाला फसवून लावला गेला का हे पाहायचे, अशी ही रचना आहे. यालाच दूरसंचाराच्या भाषेत ‘फॉरबेअरन्स’ म्हणतात. सोप्या मराठीत, दर ठरवण्याची मुभा.

मग ‘सरकारी रेट’ ही समजूत आली कुठून?

ती पूर्वी खरी होती. फोन देणारे, दर ठरवणारे आणि बिल पाठवणारे खाते एकच होते, दूरसंचार विभाग. अंतरानुसार एसटीडीचे टप्पे होते आणि रात्री अकरानंतर दर उतरायचे. शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या पेढीवरून मुंबई किंवा गुजरातच्या व्यापाऱ्याला भाव कळवायचा, तर घड्याळाकडे बघून नंबर फिरवला जायचा. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रात्री उशिरा रांग लागायची ती यामुळेच.

ट्रायने १९९९ मध्ये दूरसंचार दर आदेश काढला. त्यातून लांबच्या कॉलचे दर खाली आले आणि भाड्याची फेरमांडणी झाली. सरकारी खात्याची सेवा १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएलकडे गेली. स्पर्धा वाढली तसे ट्रायने हात मोकळे सोडले. २००२ पासून मोबाइलच्या दरांना मुभा मिळाली आणि पुढे बहुतेक सेवांना. १ मार्च २००६ रोजी ‘वन इंडिया’ योजनेत देशभर एक रुपया मिनिट हा दर आला, तेव्हा अंतराचे टप्पे व्यवहारातून जवळपास गेले.

म्हणजे दर मोकळे होऊन दोन दशके उलटली. समजूत मात्र पिवळ्या पाटीच्या काळातलीच राहिली.

या मुभेचा अर्थ जुलै २०२४ मध्ये सगळ्यांनी अनुभवला. तीन मोठ्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात प्लॅन महाग केले. त्यावर केंद्र सरकारचे म्हणणे होते की, दर ट्रायच्या चौकटीत राहून बाजार ठरवतो आणि सरकार मुक्त बाजाराच्या निर्णयात हस्तक्षेप करत नाही. विजेसारखी सुनावणी नाही, हरकतींची तारीख नाही. कोल्हापूरच्या दुकानदाराच्या हाती उरला तो एकच उपाय, दुसऱ्या कंपनीकडे जाणे. आणि दुसरी कंपनीही महागच झाली होती.

नियंत्रित रकमा कोणत्या?

यादी छोटी आहे, म्हणून ती लक्षात ठेवणे सोपे आहे.

पहिली जीएसटी. १ जुलै २०१७ पासून दूरसंचार सेवेवर १८ टक्के. महाराष्ट्रातल्या बिलावर तो ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. कंपनीला यात फेरफार करता येत नाही.

दुसरी, देशांतर्गत रोमिंगची कमाल मर्यादा. १ मे २०१५ पासून रोमिंगमध्ये स्थानिक कॉलला मिनिटाला ८० पैसे, एसटीडीला १ रुपया १५ पैसे आणि येणाऱ्या कॉलला ४५ पैसे यापेक्षा जास्त आकारता येत नाही. आता बहुतेक प्लॅनमध्ये रोमिंग वेगळे लागतच नाही. पण निपाणी, बेळगावची फेरी ज्यांच्या रोजच्या धंद्याचा भाग आहे, त्यांना कागलचा नाका ओलांडला की फोन बंद ठेवायचे दिवस आठवत असतील. जुन्या कॉर्पोरेट प्लॅनवर चालणारे नंबर असतील, तर ही ओळ एकदा पाहावी.

तिसरी, नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचे शुल्क. नोव्हेंबर २०१९ पासून एका नंबरच्या पोर्टिंगचा व्यवहार ६ रुपये ४६ पैशांचा आहे. त्याच नावाखाली शेकड्यात रक्कम मागणाऱ्याला पावती मागावी.

चौथी, ग्रामीण भागातल्या लँडलाइनचे दर आणि दोन ठिकाणे थेट जोडणाऱ्या ठरावीक क्षमतेच्या लीज्ड सर्किटचे दर. यांना ट्रायने कमाल मर्यादा घातली आहे. शिरोलीचा कारखाना आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतला दुसरा कारखाना यांच्यात थेट सर्किट घेतले, तर ही मर्यादा उपयोगी पडते. मात्र तीच जोडणी ‘व्हीपीएन’ म्हणून विकली गेली, तर ती मुभेच्या वर्गात जाते. नावातल्या बदलाने हक्क बदलतो, म्हणून कोटेशनवरचे सेवेचे नाव नीट वाचायला हवे.

एक नियंत्रित रक्कम अशी आहे, जी बिलावर दिसत नाही. एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात संपला, तर पहिलीने दुसरीला द्यायचे शुल्क. मोबाइलसाठी ते २०१५ मध्ये मिनिटाला १४ पैसे होते, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओने हे ६ पैसे थेट ग्राहकांकडून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांना अशा शुल्काचा पहिल्यांदा पत्ता लागला. आता ते देशातल्या कॉलवर नाही. आजच्या बिलात देशांतर्गत कॉलसाठी ‘इंटरकनेक्ट’ नावाची ओळ आढळली, तर ती कशाची, हे विचारलेच पाहिजे.

बाकी सारे अनियंत्रित?

दराच्या बाबतीत, हो. मासिक भाडे, कॉलचे पॅकेज, इंटरनेटचा वेग आणि डेटा, स्टॅटिक आयपी, परदेशी कॉल, परदेशातले रोमिंग, बसवणुकीचा खर्च, राउटरचे भाडे, अनामत रक्कम, उशिराचा आकार, कॉलर ट्यूनसारख्या जादा सेवा. यांतल्या कशाचाही दर दिल्लीत ठरत नाही. बाजार जेवढे सोसेल आणि ग्राहक जेवढे मान्य करेल, तेवढा तो असतो.

पण दर मोकळा म्हणजे पद्धत मोकळी नव्हे. हा मुद्दा सर्वांत कामाचा आहे. दर कसा लावायचा, याला नियम आहेत.

एक. प्लॅन घेतल्यापासून सहा महिने तो ग्राहकाच्या तोट्याचा होईल असा बदलता येत नाही. पैसे आगाऊ भरून जास्त मुदतीचा प्लॅन घेतला असेल, तर ती पूर्ण मुदत हे संरक्षण असते.

दोन. कंपनीने नवा दर सुरू केल्यावर सात कामकाजी दिवसांत ट्रायला कळवावा लागतो. दर भेदभाव करणारा नसावा, ही अटही आहे. ट्रायने दरांची तुलना करण्यासाठी ऑनलाइन पोर्टलही ठेवले आहे.

तीन. कॉलर ट्यून, अलर्ट, गेम अशा जादा सेवा ग्राहकाने दोनदा होकार दिल्याशिवाय सुरू करता येत नाहीत. ट्रायचे याबाबतचे निर्देश जुलै २०११ आणि जुलै २०१३ चे आहेत. सेवा नको असेल, तर १५५२२३ हा मोफत क्रमांक सर्व कंपन्यांना लागू आहे. सुरू झाल्यापासून २४ तासांत नको म्हटले, तर कापलेली रक्कम परत द्यावी लागते.

चार. मोजणी आणि बिलिंग अचूक आहे का, याची तपासणी कंपन्यांना ट्रायच्या नियमांनुसार करून घ्यावी लागते.

थोडक्यात, ट्राय भाव ठरवत नाही, पण तराजू तपासतो. बाजारात गुळाचा भाव सौद्यात ठरतो आणि काटा मात्र प्रमाणितच लागतो, तसे हे आहे.

नमुना बिल वाचून पाहू

समजा, एका छोट्या मशिन शॉपचे महिन्याचे बिल असे आले. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.

इंटरनेट आणि लँडलाइनचे भाडे १,९९९ रुपये
दहा मोबाइल, प्रत्येकी ३९९ प्रमाणे ३,९९० रुपये
स्टॅटिक आयपी २०० रुपये
परदेशी कॉल ३४० रुपये
जादा सेवा ९९ रुपये
उशिराचा आकार १०० रुपये
एकूण ६,७२८ रुपये
केंद्रीय जीएसटी ६०५ रुपये ५२ पैसे
राज्य जीएसटी ६०५ रुपये ५२ पैसे
भरायची रक्कम ७,९३९ रुपये ०४ पैसे

यातले ‘सरकारी’ किती? १,२११ रुपये ०४ पैसे. उरलेले ६,७२८ रुपये कराराचे. आता एकेक ओळ विचारा.

दहा मोबाइलपैकी किती वापरात आहेत? नोकरी सोडून गेलेल्या सुपरवायझरचा नंबर अजून चालू असतो आणि त्याचे भाडे दर महिन्याला जाते, ही बहुतेक कार्यालयांची गोष्ट आहे. स्टॅटिक आयपी कॅमेऱ्यांसाठी घेतला होता, ते कॅमेरे आता मोबाइल ॲपवर चालतात का? जादा सेवा कोणाच्या होकाराने लागली? उशिराचा आकार का बसला, बिल उशिरा आले की आपण विसरलो? आणि या आकारावरही १८ टक्के जीएसटी लागतो, हे दिवाणजींना ठाऊक आहे का?

परदेशी कॉलची ओळ कास्टिंग निर्यात करणाऱ्यांनी जास्त जपून पाहावी. कार्यालयातल्या ईपीएबीएक्स यंत्राचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवला, तर बाहेरचा माणूस त्यात शिरून रात्रीतून परदेशी कॉल करू शकतो. बिल मात्र मालकाच्या नावावर येते. परदेशी कॉल लागत नसतील, तर ती सुविधा लेखी अर्ज देऊन बंद ठेवावी. लागत असतील, तर एकाच एक्स्टेन्शनवर ठेवावी.

‘वरून सरकारी चार्ज लागतात’ हे खरे का?

कोटेशन देताना हे वाक्य हमखास ऐकू येते. दूरसंचार कंपन्या सरकारला परवाना शुल्क देतात, हे खरे आहे. ते त्यांच्या समायोजित एकूण महसुलाच्या ८ टक्के आहे. त्यातला ५ टक्के भाग दुर्गम भागात सेवा पोहोचवण्याच्या निधीसाठी असतो. त्या निधीचे आताचे नाव डिजिटल भारत निधी. महसूल कसा मोजायचा, यावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ रोजी कंपन्यांच्या विरोधात निकाल दिला आणि मोठी थकबाकी त्यांच्या अंगावर आली.

पण ते कंपनीचे देणे आहे. ते प्लॅनच्या किमतीतच धरलेले असते. अमेरिकेत अशा निधीचा वाटा बिलात वेगळ्या ओळीत दाखवण्याची रीत आहे. तिथे काही कंपन्या स्वतःच्या खर्चालाही सरकारी वाटेल असे नाव देतात, आणि हा कर नव्हे हे ग्राहकाला बारीक अक्षरांत शोधावे लागते. आपल्याकडे मासिक बिलावर सरकारच्या नावाची एकच ओळ अपेक्षित आहे, ती जीएसटीची. तिच्याशिवाय ‘शासकीय’, ‘नियामक’ किंवा ‘परवाना’ असे नाव लावून कोणी रक्कम मागत असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : कोणत्या आदेशानुसार? उत्तर लेखी मागावे.

केबल टाकण्यासाठी रस्ता खोदण्याचा खर्च हा थोडा वेगळा विषय आहे. महापालिका, ग्रामपंचायत किंवा एमआयडीसी यांना भरायची रक्कम कंपनी आणि ती संस्था यांच्यातली असते. लीज्ड लाइन घेताना ती ग्राहकाकडून घ्यायची की नाही, हे करारात ठरते. त्यामुळे सही करण्याआधीच ती बाब बोलून घ्यावी. खोदाई झाल्यावर बोलायला जागा राहत नाही.

परत मिळणारे पैसे कोण सोडतो?

वरच्या नमुन्यातले १,२११ रुपये जीएसटी नोंदणी असलेल्या कारखान्याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून मिळू शकतात. वर्षाचे साडेचौदा हजार रुपये होतात. अट साधी आहे. बिल व्यवसायाच्या नावावर हवे, त्यावर आपला जीएसटी क्रमांक हवा आणि ते जीएसटीआर-२बी मध्ये दिसायला हवे. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवरच हे क्रेडिट घेता येते.

प्रत्यक्षात काय होते? कारखान्याचे मोबाइल मालकांच्या किंवा मुलाच्या नावावर घेतलेले असतात. इंटरनेट आजोबांच्या जुन्या लँडलाइनवर चालते. कनेक्शन व्यवसायाच्या नावावर नाही, जीएसटी क्रमांक दिलेला नाही, म्हणून क्रेडिट नाही. कंपनीच्या दुकानात जाऊन कागद दिले, तर ही दुरुस्ती होते. तरी ती वर्षानुवर्षे राहते.

इथे दोन सावधगिरी सांगायला हव्यात. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला हे क्रेडिट मिळत नाही. सुट्या गुळासारख्या करमुक्त मालाच्या विक्रीसाठी वापरलेल्या सेवेवरचेही मिळत नाही. दोन्ही प्रकारचा माल विकणाऱ्याला प्रमाणात मिळते.

दुसरी सीमाभागाची. लँडलाइन किंवा ब्रॉडबँड जिथे बसवले आहे, त्या राज्याचा कर लागतो. कोल्हापूरच्या पेढीने निपाणीच्या गोदामात कनेक्शन घेतले, तर त्यावर कर्नाटकचा कर बसतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीवर तो वळता करता येत नाही. गोदामाची कर्नाटकात स्वतंत्र नोंदणी असेल, तर तोच क्रमांक त्या बिलावर द्यावा. पोस्टपेड मोबाइलला बिलाचा पत्ता धरला जातो, तिथे हा प्रश्न येत नाही.

चूक दिसली तर जायचे कुठे?

पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र. तक्रार केली की डॉकेट क्रमांक मिळालाच पाहिजे. तो नसेल, तर तक्रार झालीच नाही असे समजा. बिलाच्या तक्रारी साधारण चार आठवड्यांत आणि जास्तीत जास्त सहा आठवड्यांत निकाली काढणे अपेक्षित आहे.

उत्तर पटले नाही किंवा आलेच नाही, तर दुसरी पायरी त्याच कंपनीचे अपील प्राधिकरण. २०१२ च्या ट्राय नियमांनुसार ते प्रत्येक कंपनीने ठेवायचे आहे. अपील ३० दिवसांत करायचे, त्याला शुल्क नाही आणि निर्णय ३९ दिवसांत अपेक्षित आहे. बहुतेक ग्राहक कॉल सेंटरवर तीनदा भांडून थकतात आणि या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत.

ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने दूरसंचार ग्राहकांसाठी मोकळा केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. पण व्यावसायिकासाठी इथे एक अडचण आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ या व्याख्येत धरला जात नाही. कारखान्याच्या फोनवरून आयोगात गेले, तर कंपनीचा वकील सर्वांत आधी हाच मुद्दा उचलणार.

कंपनी बदलणे हा उपाय उरतोच. व्यावसायिक ग्राहकाला एका अधिकारपत्रावर शंभरपर्यंत नंबर पोर्ट करता येतात. मात्र नंबर त्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत आणि आधीचे देय बिल भरलेले असावे. करारात ठरावीक मुदत राहण्याची अट घातली असेल आणि ती पुरी झाली नसेल, तर पोर्टिंग नाकारले जाऊ शकते. स्वस्तात मिळालेल्या कॉर्पोरेट प्लॅनची खरी किंमत अनेकदा या एका कलमात असते.

एकट्याने नव्हे, संघटनेने

आता मूळ मुद्दा. घरगुती ग्राहकाला ग्राहक आयोग आहे. मोठ्या उद्योगाला करारावर घासाघीस करणारा स्वतंत्र विभाग आहे. मधे अडकला आहे तो दहा-वीस नंबरांचा छोटा उद्योजक. हुपरीचा चांदी कारागीर, गांधीनगरचा कापड व्यापारी, लक्ष्मीपुरीचा धान्य दुकानदार, उद्यमनगरातला मशिन शॉपवाला. त्याच्यासाठी दर मोकळे आहेत, ग्राहक म्हणून त्याची जागा वादाची आहे आणि बिल वाचायला त्याला वेळ नाही. दर मोकळे ठेवण्याचे धोरण ग्राहक जागरूक आहे या गृहीतावर उभे असते. हे गृहीत नेमके इथे लंगडे पडते.

उपाय जिल्ह्यातच आहे. ट्राय कायद्याच्या कलम १४ नुसार एकटा ग्राहक दूरसंचार लवादाकडे जाऊ शकत नाही, पण ‘ग्राहकांचा समूह’ जाऊ शकतो. गोशिमा, स्मॅक, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आणि कोल्हापूर चेंबर ऑफ कॉमर्स या संघटना वीज दराच्या प्रश्नावर एकत्र येतात. फोन बिलांसाठी त्यांनी महिन्यातून एक दिवस एक माणूस बसवला, सभासदांची बिले पाहिली, समान चुकांची नोंद केली आणि एकत्र पत्र पाठवले, तरी चित्र बदलेल. शंभर कारखान्यांचे नंबर एका टेबलावर आले, की दराची बोलणीही वेगळ्या आवाजात होतात. आणि लवादाकडे जायची वेळ आलीच, तर हातात कागद तयार असतील.

ट्रायकडूनही एक अपेक्षा आहे. दर ठरवू नका, पण बिलाचा साचा ठरवा. कायद्याने ठरलेली रक्कम, नियामकाची कमाल मर्यादा असलेली रक्कम, कराराची रक्कम आणि ग्राहकाच्या होकाराने लागलेली जादा सेवा, असे चार भाग प्रत्येक व्यावसायिक बिलावर ठळक असावेत. यासाठी कंपन्यांना खर्च फारसा नाही. माहिती त्यांच्याकडे आहेच, ती फक्त बारीक अक्षरांत विखुरलेली आहे.

या महिन्यात एवढे करा

बिल व्यवसायाच्या नावावर आणि जीएसटी क्रमांकासह आहे का, ते पहा.
चालू नंबरांची यादी काढा, न लागणारे बंद करा.
जादा सेवांची ओळ शून्य आहे का, ते पहा. नसेल तर १५५२२३.
परदेशी कॉल आणि परदेशातले रोमिंग नको असेल, तर लेखी बंद करा.
जीएसटीशिवाय दुसरी ‘सरकारी’ ओळ दिसली, तर आदेशाची प्रत मागा.
करारातली किमान मुदत आणि बाहेर पडण्याचे कलम वाचून तारीख कॅलेंडरवर टाका.
तक्रारीचा डॉकेट क्रमांक वहीत लिहा आणि ३० दिवसांची अपिलाची मुदत चुकवू नका.

विजेच्या बिलावर बोलायला कोल्हापूरला कोणी शिकवावे लागत नाही. फोनच्या बिलावर बोलायची सवय अजून लागायची आहे. पुढच्या वेळी दोन्ही बिले टेबलावर येतील, तेव्हा दुसरेही उघडून पहा. ‘सरकारी रेट आहे’ हे वाक्य त्यातल्या एकाच ओळीला लागू पडते.